इलेक्ट्रिक गाडीच्या एका किलोमीटर रेंजची किंमत काढतेय, मॉडेल भलतीच उत्तरं देतंय

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी. नोकरी वाहनकर्जाच्या क्षेत्रात, आणि जोडीला अर्थशास्त्रात एम. ए. चाललंय. प्रबंधाचा विषय असा: इलेक्ट्रिक गाडी घेणारा माणूस रेंजच्या एका जादा किलोमीटरसाठी किती रुपये मोजायला तयार असतो.

ठाण्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये चॉइस एक्सपेरिमेंट केला. प्रत्येकाला एकामागून एक कार्डं दाखवली. कार्डावर दोन इलेक्ट्रिक गाड्या आणि तिसरा पर्याय 'यातली एकही नको'. किंमत, रेंज, फास्ट चार्जिंगला लागणारा वेळ आणि बॅटरीची वॉरंटी, एवढंच बदलत होतं. रेंजच्या पातळ्या 200, 300, 400 आणि 500 किमी. माहिती गोळा करायला जीव गेला. रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये बसायचं, चहा पाजायचा, आणि 'तुम्ही गाडी विकताय का' याला शंभरदा 'नाही' म्हणायचं. असो.

आधी साधं कंडिशनल लॉजिट चालवलं, म्हणजे लोकांच्या निवडींवरून प्रत्येक गुणाचं वजन (सहगुणक) काढणारं मॉडेल. रेंज सरळ रेषेत घातली, तिच्या सहगुणकाला किंमतीच्या सहगुणकाने भागलं, चिन्ह उलटवलं. उत्तर दिसायला नीट आलं. पण गाइड मॅडमनी विचारलं, "म्हणजे 200 वरून 300 ला जायला माणूस जेवढे पैसे देईल, तेवढेच 400 वरून 500 ला जायलाही देईल?" यावर मी गप्प.

मग मिक्स्ड लॉजिट लावलं. माणसागणिक आवड बदलते म्हणून रेंज आणि किंमत दोन्हींचे सहगुणक नॉर्मल वितरणाचे धरले. आता सिम्युलेशनचे ड्रॉ (त्या वितरणातून उचललेले नमुने) बदलले की सरासरी डब्ल्यूटीपी (विलिंगनेस टू पे, पैसे मोजायची तयारी) दरवेळी निराळी. एकदा तर ऋण आली, म्हणजे रेंज कमी करून घ्यायला लोक पैसे देणार!

तिसरं कोडं. काहींच्या पार्किंगला भिंत आहे, तिथे चार्जर बसतो. बाकीच्यांचं स्टॅक पार्किंग, गाडी लोखंडी पाळण्यात बसून वर जाते, तिथे वायर कुठून नेणार? हे दोन गट वेगवेगळे चालवले. मला वाटलं होतं, ज्यांना घरी चार्जिंग नाही त्यांना रेंज जास्त हवीशी असेल. पण रेंजचा सहगुणक मोठा आला तो चार्जरवाल्यांचा. डेटा खराब आहे की माझी समज?

ऐरोली_कोडर

मिक्स्डमध्ये किंमतीचा सहगुणक स्थिर ठेवा आणि फक्त रेंज रँडम करा. डब्ल्यूटीपी लगेच शहाण्यासारखी येईल. सगळे असंच करतात.

नेरुळचे_आकडेकाका

ऐरोलीकरांचा तोडगा चालतो. मात्र किंमत स्थिर धरली की घोडबंदरच्या टॉवरमधला माणूस आणि वागळे इस्टेटमधला माणूस, दोघांनाही पन्नास हजार रुपये सारखेच टोचतात असं मानावं लागतं. मला ते पटत नाही. माझं उभं आयुष्य साबण-टूथपेस्टच्या कन्जॉइंटमध्ये, म्हणजे अशीच कार्डं दाखवून आवडी मोजण्यात गेलं. तिथे तर दोन रुपयांवरसुद्धा माणसं वेगळी वागायची.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोन नॉर्मल चलांच्या भागाकाराला सरासरीच नसते. छेदातल्या वितरणाची शेपटी शून्याच्या पलीकडे जाते. शून्याच्या अगदी जवळ एखादा ड्रॉ पडला की भागाकार कोटींत जातो, आणि पलीकडे पडला की ऋण होतो. ड्रॉ दहापट केलेत तरी हे सुधारणार नाही. एक वाट म्हणजे किंमतीचा सहगुणक ऋण लॉगनॉर्मल घ्यायचा, म्हणजे तो शून्य ओलांडतच नाही. दुसरी, केनेथ ट्रेन आणि मेल्विन वीक्स यांनी 2005 मध्ये मांडलेली डब्ल्यूटीपी-स्पेसची. त्यात मॉडेल रुपयांतच लिहायचं. रेंजची किंमत हाच थेट सहगुणक असतो, भागाकाराची भानगडच नाही. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये लॉजिटआर नावाचं पॅकेज मुख्यतः त्याचसाठी आहे, तिथल्याच अपोलो पॅकेजमध्येही करता येतं. फक्त वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा, नाहीतर भलत्याच शिखरावर जाऊन थांबतं. आणि लॉगनॉर्मल घेतलंत तर सरासरीऐवजी मध्यक छापा.

तिसऱ्या प्रश्नात डेटाचा दोष नाही. लॉजिटमध्ये छापून येणारा सहगुणक एकटा नसतो, त्याला स्केलने, म्हणजे उत्तरं किती ठाम त्याच्या मापाने, गुणलेलं असतं. ज्या गटाची उत्तरं ठाम, त्याचे सगळेच सहगुणक फुगतात, किंमतीचासुद्धा. चार्जरवाल्यांनी बहुधा शोरूमला चक्कर मारलेली असते, शेजाऱ्याची गाडी चालवून पाहिलेली असते. स्टॅकवाले तुमच्या चहाच्या कपासोबतच पहिल्यांदा विचार करत होते. त्यामुळे गटागटांत सहगुणकांची तुलना करायची नाही. डब्ल्यूटीपीची करा, तिच्यात स्केल वरखाली कटून जातो. आणि एकाच माणसाने अनेक कार्डांवर खुणा केल्यात, त्या स्वतंत्र नाहीत. स्टँडर्ड एरर माणसागणिक क्लस्टर करा, म्हणजे एका माणसाची कार्डं एक गट धरा, नाहीतर सगळंच सिग्निफिकंट दिसेल.

आता तुमच्या मॅडमचा प्रश्न. खरा प्रबंध इथे आहे.

रेंज सरळ रेषेत घालायची पद्धत आळशीपणाची आहे, आणि रेंजचा नैसर्गिक लॉग घालून मोकळं व्हायचं हाही अर्धा आळशीपणाच. लॉगचं गणित छान आहे. R1 रेंजवरून R2 ला जायची किंमत म्हणजे एक स्थिरांक गुणिले लॉग (R2/R1). समजा तो स्थिरांक 5 लाख आला. मग 200 वरून 300 ला जायला माणूस सुमारे 2.03 लाख देईल आणि 400 वरून 500 ला सुमारे 1.12 लाख. मॅडम खूश. पण हा वाक असाच का, असं परीक्षकाने विचारलं तर काय सांगाल? म्हणून आधी रेंजच्या चारही पातळ्या डमी म्हणून, म्हणजे होय/नाही चा 1/0 चल करून घाला, आलेख काढा, आकार डोळ्यांनी बघा. मग आकाराला नाव द्या.

माझ्या मते तुमच्या दोन गटांना दोन वेगळे आकार हवेत, कारण रेंज त्यांना दोन वेगळ्या कामांसाठी लागते.

स्टॅकवाला बघा. त्याला रोज ऑफिसला जाऊन यायचंय, इकडचं तिकडचं धरून दिवसाला 40 किमी. एवढ्यासाठी बाजारातली कुठलीही गाडी पुरते. त्याला रेंज हवी ती दोन चार्जिंगमधलं अंतर वाढवायला. वर्षाला 14,600 किमी. एका चार्जमध्ये प्रत्यक्ष 200 किमी मिळाले तर वर्षाला 73 वेळा चार्जिंग स्टेशनवर जाऊन बसायचं. 300 मिळाले तर 49 वेळा, 400 मिळाले तर 36-37 वेळा. पहिल्या शंभर किलोमीटरने 24 खेपा वाचल्या, पुढच्या शंभरने फक्त 12. म्हणजे त्याचा त्रास 1/R च्या प्रमाणात चालतो. त्याच्या मॉडेलमध्ये लॉग नको, रोजचं अंतर भागिले रेंज हा चल घाला. रोजचं अंतर प्रत्येकाचं वेगळं असल्याने त्यात भरपूर माहिती आहे.

एका खेपेचा वैताग 200 रुपयांचा धरू. 24 खेपा म्हणजे वर्षाला 4,800, आठ वर्षांत 38,400, व्याजाची वजावट न करता. किलोमीटरला 384 रुपये पडले. पुढच्या शंभरासाठी 192. तुमचं मॉडेल याच्या कितीतरी वर आकडा देत असेल, तर उरलेली रक्कम कशाची आहे ते शोधावं लागेल: भीती, पुढे विकतानाची किंमत, की गणपतीत गावी जाणं.

बाजाराशी ताडून बघायचं असेल तर एक स्वच्छ उदाहरण आहे. टियागो ईव्ही सप्टेंबर 2022 मध्ये आली तेव्हा एक्सटी हे एकच व्हेरियंट दोन बॅटऱ्यांमध्ये मिळत होतं. 19.2 किलोवॅट-तासाची बॅटरी, रेंज 250 किमी, किंमत 9.09 लाख, आणि 24 किलोवॅट-तासाची, 315 किमी, 9.99 लाख. बाकी गाडी जवळपास तीच, मोठ्या बॅटरीवालीची मोटर तेवढी थोडी जोरदार. 65 किलोमीटरला 90,000, म्हणजे किलोमीटरला जवळपास 1,385 रुपये. मात्र ही विकणाऱ्याने लावलेली किंमत आहे, घेणाऱ्याची आवड नव्हे. मोटरचा हिस्सा सोडला तर, ज्याने मोठी बॅटरी घेतली त्याच्या लेखी तो किलोमीटर निदान 1,385 चा होता. ज्याने छोटी घेतली त्याच्या लेखी त्याहून कमीचा. एका जोडीतून एवढंच कळतं, पण तुमच्या मॉडेलचं उत्तर पाच हजार आलं तर भुवया उंचवायला एवढं पुरे.

परदेशी आकडे छापायची हौस सगळ्यांना असते. हिड्रू आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अमेरिकेतला अभ्यास तुम्हाला सापडेलच, त्यात एका जादा मैलाला 35 ते 75 डॉलर आलेत. तो जरूर द्या, पण डॉलरला रुपयाने गुणून ठाण्याशी तुलना करू नका. तिथल्या बंगल्याला स्वतःचं गॅरेज असतं.

खारघर_टेकडी

काका, सॉलिड. मी आकडेवाला नाही, गाडीवाला आहे. इलेक्ट्रिक घेऊन बरेच महिने झाले, घरी चार्जर आहे. दोन गोष्टी सांगतो, त्यांचा मॉडेलमध्ये काय उपयोग ते तुम्ही बघा.

पहिली. कार्डावर 400 लिहिलंत म्हणून माणूस 400 वाचत नाही. ब्रोशरमधली रेंज एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) चाचणीची असते. त्या चाचणीत वेग ताशी 90 च्या पुढे जातच नाही, आणि एक्सप्रेसवेवर 100 ची मुभा आहे. त्यात चार माणसं, एसी आणि वर खंडाळ्याचा घाट. टाटांनी तर आता स्वतःच सी-75 म्हणून वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली आहे. कर्व्ह ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला चाचणीची रेंज 585 सांगितली होती आणि सोबत खरी म्हणून 400 ते 425. शोरूममध्ये गिऱ्हाईक मनातल्या मनात तीस टक्के कापतंच.

दुसरी. खारघरहून चिपळूण दोनशेच्या वर. मी चार्जिंगला कुठे थांबेन हे किलोमीटर ठरवत नाहीत. माणगावजवळचा चार्जर चालू आहे का आणि त्याच्यापुढे किती गाड्या उभ्या आहेत, हे ठरवतं. गणपतीच्या आदल्या दिवशी एका ठिकाणी पोचलो तर दोनपैकी एक गन बंद, स्क्रीनवर नुसतं फिरणारं चक्र, आणि माझ्यापुढे तिघे. एकाची बायको गाडीत मोदकाचा डबा उघडून सगळ्यांना वाटत होती. तेव्हा माझ्याकडे अजून 80 किमी असते तर मी सरळ पुढे निघालो असतो. त्या 80 ला त्या दिवशी मी वाटेल ती किंमत दिली असती, आणि एरवी वर्षभर शून्य.

आणि हो, ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर आम्हाला टोल माफ आहे. सर्व्हे त्याच्या आधीचा की नंतरचा?

घोडबंदरवाली

नंतरचा. काका, डमी घालून पाहिलं. स्टॅकवाल्यांची 200 ते 300 ही पायरी सगळ्यांत उंच, पुढे उतरत गेलीये, 400 नंतर जवळजवळ सपाट. आणि गुणोत्तर काढल्यावर स्टॅकवाल्यांची डब्ल्यूटीपी खरंच जास्त आली! पण चार्जरवाल्यांचा आलेख गमतीदार आहे. 200 ते 300 ला थोडा चढ, 300 ते 400 ला जास्त. लॉगमध्ये हे बसत नाही, 1/R मध्ये तर नाहीच. हे खारघरकरांचं चिपळूण आहे का? आणि ते तीस टक्के कापणं मॉडेलमध्ये कसं घालू?

नेरुळचे_आकडेकाका

टोलमाफी दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांना सारखीच मिळते. त्यामुळे ती 'यातली एकही नको' समोरच्या स्थिरांकात जाईल, रेंजला धक्का लावणार नाही. ते विसरा.

तीस टक्के कापण्याचं मात्र मजेशीर आहे. लॉगमध्ये ते आपोआप निघून जातं. लॉग (0.7R) म्हणजे लॉग 0.7 अधिक लॉग R. पहिला तुकडा दोन्ही गाड्यांना सारखा, तोही स्थिरांकात जातो. 1/R मध्ये तो सहगुणकात मुरतो. त्यामुळे या दोन आकारांपुरतं गिऱ्हाईक किती कापतं हे कळायची गरज नाही, फक्त सगळ्या पातळ्या त्याच प्रमाणात कापत असावं. अंदाज करायचा झाला तर माझ्या मते इथे प्रमाणात कापतात, ठरावीक किलोमीटर वजा करत नाहीत.

पण चार्जरवाल्यांसाठी तुम्हाला जे लागणार आहे तिथे ही सुटका नाही. त्याची बॅटरी रोज सकाळी भरलेली असते. एरवी 250 आणि 500 मध्ये त्याला काडीचा फरक नाही. त्याला रेंज लागते ती लांबच्या प्रवासाला, आणि तीही जिथे गाडी वाटेत संपणार असते तिथेच. म्हणून चल घ्या 'तूट': त्याच्या नेहमीच्या लांबच्या प्रवासाच्या एकेरी अंतराला खरी रेंज पुरत नसेल तर 1, पुरत असेल तर शून्य. आता तुमचा आलेख बघा. खरी रेंज कार्डाच्या 0.7 धरली तर 200, 300, 400, 500 चे 140, 210, 280, 350 होतात. पुणेकर सासरवाल्याला साधारण 150 किमी जायचंय, 210 ला त्याचं काम झालं. त्याच्यापुरती उंच पायरी पहिली. महाबळेश्वरवाल्याला 260 च्या आसपास, त्याचं भागायला 280 हवेत. रत्नागिरीवाल्याला 330 च्या आसपास, त्याला 350 लागतात. तुमच्या चार्जरवाल्यांमध्ये मधल्या अंतराचे लोक जास्त असतील, म्हणून चढ मधल्या पायरीवर दिसतोय.

हे 0.7 हवेतून घ्यायचं नाही. 0.5 पासून 1 पर्यंत थोडं थोडं वाढवत प्रत्येक किमतीला तूट काढून मॉडेल चालवा, लॉग-लाइकलिहूड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) सगळ्यांत जास्त कुठे येतं ते बघा. गिऱ्हाईक ब्रोशर किती कापतं याचा अंदाज तुमच्याच डेटातून निघेल. प्रबंधात हा एक तक्ता आला तर मॅडमना बाकी काही दाखवायची गरज नाही.

एक खाच आहे. ज्याचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, त्याला प्रत्येक पातळीवर तूट आहेच. त्याच्यासाठी तूट कायम 1, म्हणजे तीही स्थिरांकात जाते, तिच्यातून काही कळत नाही. असे लोक थोडे असतील तर ठीक, सगळेच मालवणी निघाले तर हा सहगुणक ओळखू येणार नाही. आधी अंतरांचा हिस्टोग्राम काढा.

लोक म्हणतील, वर्षातून एकदा गावी जायचं तर भाड्याने गाडी घ्यावी, त्यासाठी दोन लाखांची जादा बॅटरी कशाला? हिशोबाने बरोबर. पण गावात स्वतःच्या गाडीने उतरायचं असतं. ती हौस पैशात मोजली जाते आणि तुमच्या तुटीच्या सहगुणकात दिसते, तिला पूर्वग्रह म्हणून काढून टाकू नका.

ऐरोली_कोडर

काका, तूट, 1/R आणि लॉग यांची तुलना एआयसीवर (जुळणी मोजून जादा चलांना दंड लावणारा आकडा) केली तर चालेल ना?

नेरुळचे_आकडेकाका

एआयसी चालेल, पण सोबत क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे थोडा डेटा वगळून मॉडेल बसवा आणि वगळलेल्यावर तपासा. आणि वगळताना पूर्ण माणूस वगळा, सुटी कार्डं नाही. त्याच माणसाची दोन कार्डं मॉडेलला दाखवून तिसरं ओळखायला सांगितलं तर कुठलंही मॉडेल हुशार दिसतं.

घोडबंदरवाली

अडचण अशी की लांबच्या प्रवासाचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. रोजचं अंतर आहे, गाव नाही. आता पुन्हा विचारायचं तर कसं विचारू?

नेरुळचे_आकडेकाका

सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतीलच, त्याच माणसांना पाठवा. 'तुम्ही लांबच्या प्रवासाला जाता का' असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. असं विचारा: "मागच्या बारा महिन्यांत स्वतःच्या गाडीने सगळ्यांत लांब कुठे गेलात? गावाचं नाव लिहा. असं किती वेळा गेलात?" किलोमीटर त्यांना विचारू नका, गावाच्या नावावरून तुम्ही नकाशात मोजा. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना 'गाडी असती तर' असं विचारावं लागेल. त्यांचा गट वेगळा ठेवा, त्यांची उत्तरं उदार असतात.

आणि पुढच्या फेरीत कार्ड नव्याने छापणार असाल तर किंमत ऑन-रोड लिहा. ठाण्यात एक्स-शोरूममध्ये फक्त जाहिरात बोलते.